एकच बोर्ड आणि दीड फूट: घरची हाय-फाय सिस्टीम अशी लावा

काही वर्षांपूर्वी एका रात्री काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) मधलं गाणं लावून बसलो होतो. सुरुवातीला नुसते तानपुरे. पहिली तार, म्हणजे मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प), छेडली गेली की काहीतरी खुपायचं. पंचम उतरलाय असं वाटायचं. रेकॉर्डिंग थांबवलं तरी तो उतरलेला सूर खोलीत होताच, स्पीकरमधून येत होता. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्या घरघरीत ५० आणि तिच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे सूर असतात. काळी एकचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झचा. म्हणजे घरघरीतला १०० चा सूर त्याच्या जेमतेम चार हर्ट्झ खाली बसतो. तानपुरा बेसूर वाटणार नाही तर काय!

महागडी केबल घ्यायला सांगणारे पुष्कळ भेटले. शेवटी घरघर गेली ती एक वायर उपसल्यावर, आणि आवाज खुलला तो स्पीकर दीड फूट पुढे ओढल्यावर. म्हणून काहीही विकत घेण्याआधी खालच्या क्रमाने जा.

१. आधी शांतता ऐका

रात्री, पंखा बंद करून अ‍ॅम्प्लिफायर चालू करा. गाणं लावू नका. व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून कान स्पीकरजवळ न्या. जड, सलग ‘हूं’ असेल तर अर्थिंगची भानगड किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर असण्याची शक्यता जास्त. ‘झर्र’ असा खरखरीत आवाज असेल तर दुसऱ्या खोलीत चालू असलेल्या पंख्याचा फिरवायचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर तपासा. टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर हा त्रास देत नाही. मधूनच ‘टक’ झालं तर बहुधा फ्रीज.

आता व्हॉल्यूम वाढवा. घरघरही वाढली तर ती व्हॉल्यूमच्या अलीकडून, म्हणजे प्लेअरकडून किंवा मधल्या केबलमधून येते आहे. तेवढीच राहिली तर ती अ‍ॅम्पचीच आहे. या एका खुणेने निम्मी शोधाशोध वाचते.

२. अर्थिंग तपासून घ्या

हे काम वायरमनकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा. सॉकेटकडे तोंड केल्यावर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. मीटरवर फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा बराच कमी आला किंवा हेलकावे खाऊ लागला तर अर्थची तार पुढे कुठेच जोडलेली नाही असं समजा. जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास आढळतं.

घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा किंवा तिला टेप गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. घरघर जाईलही. पण आत एखादी तार सुटली तर अ‍ॅम्पचा पत्र्याचा डबा २३० व्होल्टवर येतो आणि घरातलं पोर त्यालाच हात लावतं. डीबीमध्ये (घराच्या मुख्य स्विचच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर वायरमन आलाच आहे तेव्हा तीही बसवून घ्या.

३. सगळं एकाच बोर्डावर

अ‍ॅम्प, सीडी प्लेअर, स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र), डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र), टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवणारं यंत्र) आणि सिस्टीमला जोडलेला टीव्ही या सगळ्यांना भिंतीतल्या एकाच पॉइंटवरून वीज द्या. एक यंत्र या भिंतीवरून आणि दुसरं समोरच्या भिंतीवरून चाललं की दोघांच्या अर्थमध्ये किंचित फरक पडतो. तो फरक सिग्नलच्या केबलमधून वाहतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो.

लोडची काळजी नको. ६ अँपिअरच्या सॉकेटवर १,३८० वॅट चालतात आणि घरी ऐकण्याच्या आवाजाला अख्खी सिस्टीम त्याच्या पाव हिश्श्यालाही क्वचित पोचते. तरी मी १६ अँपिअरचा पॉइंट निवडतो, कारण त्याची तार जाड असते. त्यावर एकच चांगला एक्स्टेंशन बोर्ड लावा, जाड तांब्याच्या तारेचा आणि पिन घट्ट धरणारा. तासभर वाजवून प्लगला हात लावा. कोमट लागला तर सॉकेट ढिला आहे, बदला. बोर्डाला बोर्ड जोडू नका, आणि इस्त्री, मिक्सर त्यावर कधीच नको. बोर्डात स्पाइक गार्ड असला तरी पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लग उपसा. अँटेनाची वायरही.

इन्व्हर्टर असेल आणि तो साइन वेव्हचा नसेल, तर हा पॉइंट त्यावरून काढून घ्या. चौकोनी लाटेवर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतात.

माझ्या घरघरीचं मूळ मात्र टीव्हीत होतं. गच्चीवरून आलेली केबलची वायर स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन सेट-टॉप बॉक्समध्ये शिरत होती. तिथून टीव्हीत, टीव्हीतून अ‍ॅम्पमध्ये. बॉक्सची ती गोल वायर उपसली आणि खोली एकदम शांत झाली. तुम्हीही एकेक सिग्नल केबल काढून असंच शोधा, मात्र प्रत्येक वेळी आधी अ‍ॅम्प बंद करा. गुन्हेगार टीव्हीच निघाला तर टीव्ही ते डॅक ऑप्टिकल केबल टाका. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जातच नाही.

परदेशातून आलेल्या यंत्रांबद्दलही इथेच सांगतो. अमेरिकेतून भावाने आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, जपानचा १०० चा. मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय प्लग लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर चालणारी एसी सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) मोटर असलेलं जुनं टर्नटेबल इथे मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेतं, आणि काळी तीनमध्ये गाणारी गायिका काळी दोनमध्ये गाऊ लागते. मोटरची पुली बदलली की हे सुटतं.

४. यंत्रांच्या जागा

अ‍ॅम्प सर्वांत वर किंवा स्वतंत्र कप्प्यात, वर निदान चार-पाच इंच मोकळे. त्यावर क्रोशाचा रुमाल नको, चालू असताना तर नकोच. बंद शोकेसमध्ये कोंडलेला अ‍ॅम्प तापतो, आणि कोमट, अंधाऱ्या जागेत झुरळं घर करतात.

अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) येणारा सिग्नल असतो अवघा काही मिलिव्होल्ट. म्हणून ही दोन यंत्रं एकमेकांपासून जितकी लांब तितकं बरं. तबकडी न फिरवता टोनआर्म (सुईचा दांडा) हातात धरून हळूहळू आतल्या बाजूला न्या. घरघर वाढत-कमी होत गेली तर जवळचा ट्रान्सफॉर्मर भोवतोय. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला लावायला विसरू नका.

टर्नटेबल स्पीकर ठेवलेल्या फळीवर कधीच नको. आपल्याकडे काँक्रीटचा स्लॅब असल्याने पावलांचा हादरा कमी पोचतो. पण जुन्या वाड्यातली लाकडी जमीन असेल तर भिंतीत कडप्प्याची फळी बसवा आणि टर्नटेबल तिच्यावर ठेवा.

मागच्या बाजूला विजेच्या तारा एका कडेने, सिग्नलच्या दुसऱ्या कडेने न्या. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात. उरलेली विजेची तार गुंडाळून सिग्नल केबलवर टाकू नका.

५. स्पीकर आणि तुमची खुर्ची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा साधारण समभुज त्रिकोण करा. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सहा-सहा फुटांचा जमतो. स्पीकर भिंतीला टेकलेले असतील तर खर्ज फुगतो आणि तबल्याचा डग्गा सगळ्यांवर पसरतो. दीड फूट पुढे घ्या, ऐका, मग दोन-दोन इंचांनी मागेपुढे करा. डग्ग्याची मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जोराने ऐकू आली की ती जागा बरोबर. कोपरे टाळा. सोफाही मागच्या भिंतीपासून फूटभर सुटा हवा.

ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर असावा. खाली गादीवर बसून ऐकत असाल तर स्टँड बुटके घ्या किंवा स्पीकर किंचित खाली कलवा.

गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंती आवाजाला झळाळी आणतात, मग पेटी कर्कश वाटते. स्पीकर आणि तुमच्यामध्ये सतरंजी अंथरा. तुम्ही जागेवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर दिसेल तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट हवं.

शेवटी दोन्ही स्पीकरवर एक जुनं मोनो (दोन्हीकडे सारखाच आवाज देणारं) रेकॉर्डिंग लावा. गायक बरोबर मध्यभागी, एका माणसाएवढा भासायला हवा. तो डावीकडे झुकत असेल तर दोन्ही स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर टेपने मोजा, आणि तो कुठेच न ठरता पसरल्यासारखा वाटला तर स्पीकरच्या लाल-काळ्या तारा एका बाजूला उलट तर लागल्या नाहीत ना ते पाहा. जागा पक्की झाली की स्टँडच्या पायांभोवती फरशीवर मास्किंग टेपचे छोटे तुकडे चिकटवा. फरशी पुसताना स्पीकर हलणारच, मग ते पुन्हा त्याच खुणांवर आणून ठेवता येतात.