चाकातला प्ले (ढिलेपणा) नेमका कुठला?

अक्कलकोट रोडला खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आली म्हणून लगेच बेअरिंग बदलू नका. सपाट जागी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला. खाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुधा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. चाक फक्त डावी-उजवीकडे धरल्यावर हलत असेल तर टाय रॉड एंडवर (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकावर) बोट ठेवा, झटका बोटाला कळतो.

स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा चाकाकडचा सांधा. पिकअप घेताना थरथर आली तर संशय आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर. आतला जॉइंट थोडा आत-बाहेर सरकतो, तो दोष नव्हे.

सीव्ही जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, मात्र बारकाईने बघा. चीर पडली की ग्रीस उडतं, आणि आपल्याकडची काळी माती, उन्हाळी धूळ आत जाऊन बॉल आणि खाचा घासते. आवाज यायच्या आधी सापडलं तर नवा बूट, ग्रीस आणि क्लॅम्पवर भागतं.