‘आयव्हॅन्हो’ रस घेऊन वाचायची असेल तर

सर वॉल्टर स्कॉट यांची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी डिसेंबर १८१९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. नाइट मंडळींचे पराक्रम वाचण्याच्या ओढीने ती हाती घेणारा वाचक सुरुवातीच्या संथ वर्णनांत कंटाळण्याचा संभव असतो, म्हणून आरंभीचे पत्ररूप निवेदन पहिल्या वाचनात खुशाल वगळावे.

मात्र दोन सने मनात पक्की करावीत. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईनंतर इंग्लंड तेथील जुन्या सॅक्सन रहिवाशांकडून फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांच्या हाती गेले. कथा घडते ती ११९४ च्या सुमारास, जेव्हा धर्मयुद्धावरून परतताना कैद झालेला राजा पहिला रिचर्ड नुकता सुटला आहे आणि त्याचा भाऊ जॉन गादीवर डोळा ठेवून आहे. एवढे ठाऊक असले की पहिल्याच प्रकरणातील डुकरे राखणारा गर्थ आणि विदूषक वाँबा यांचा संवाद उलगडू लागतो. गर्थच्या गळ्यात पितळेचे कडे कायमचे बसवलेले आहे आणि त्यावर त्याच्या सॅक्सन धन्याचे नाव कोरलेले आहे. वाँबा त्याला दाखवून देतो की जनावर जिवंत असते, म्हणजे ते राखण्याचे कष्ट असतात, तोवर त्याचे नाव सॅक्सन असते. पण ते सरदाराच्या ताटात पडले की नाव नॉर्मन होते, डुकराच्या ‘स्वाइन’चे ‘पोर्क’ आणि वासराच्या ‘काफ’चे ‘व्हील’. हे पान दोनदा वाचावे.

अ‍ॅश्बी येथील भालायुद्धाच्या प्रसंगी वेग मुद्दाम कमी करावा. आव्हान देणाऱ्या पाच नाइटांच्या ढाली तंबूंपाशी टांगलेल्या असतात. भाल्याच्या मागच्या टोकाने ढालीला स्पर्श केला तर बोथट शस्त्रांची लढत, आणि पात्याने केला तर जिवावरची, असा नियम असतो. अनोळखी नाइट येतो, तेव्हा प्रेक्षक त्याला त्यातल्या त्यात कच्च्या स्वाराची ढाल निवडायला सुचवतात. तो मात्र सरळ टेम्पलर, म्हणजे धर्मयोद्ध्यांच्या संघातील नाइट, ब्रायन द ब्वा-गिल्बेरच्या ढालीवर भाल्याचे पाते आदळतो. नियम ध्यानात असेल तरच या एका आघाताने सारे मैदान का थरारते, हे जाणवते.

टॉर्किलस्टोन किल्ल्याच्या वेढ्याचे एकोणतिसावे प्रकरण शक्य असल्यास मोठ्याने वाचावे. जखमी कथानायक आयव्हॅन्होला उठता येत नाही, म्हणून ज्यू तरुणी रिबेका खिडकीशी उभी राहून त्याला लढाई सांगत राहते, आणि वाचकालाही ती तेवढीच दिसते. माझ्या मते कादंबरीचे काळीज इथेच आहे, कारण लढाई सांगतानाच या कीर्तीतून अखेर हाती काय उरते, असे ती त्याला विचारते.

इतिहास म्हणून मात्र या पुस्तकावर विसंबू नये. हेस्टिंग्जनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी सॅक्सन-नॉर्मन वैर इतके धगधगते उरले नव्हते, असा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे. रिबेकाचे वडील आयझॅक यांच्या चित्रणात ज्यूंविषयीचे जुने पूर्वग्रहही डोकावतात. पण आयझॅक यॉर्कचे आहेत आणि त्याच शहरातील किल्ल्यात आश्रय घेतलेल्या ज्यूंचा ११९० मध्ये, म्हणजे कथेच्या चारच वर्षे आधी, अंत झाला होता, हे आठवून वाचले तर त्यांची भीती हास्यास्पद वाटत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात रिबेका सॅक्सन राजकुळातील रोवेनाच्या भेटीला येते तेव्हा ती जे बोलते त्यातील एकही शब्द निसटत नाही.