कॅनडाला निघण्यापूर्वी गोव्यातच होणाऱ्या या चुका टाळा

नोकरी मिळेना, घर मिळेना, बायकोचा अर्ज अडकला, अशा तक्रारी कॅनडातील ब्रॅम्प्टनहून किंवा सरीहून फोनवर येतात. कागद उलगडून पाहिले की चूक मात्र म्हापशात, डिचोलीत नाहीतर फोंड्यात झालेली आढळते. ओळखीपाळखीच्या मुलामुलींची कागदपत्रे तपासून देण्याचे काम मी काही वर्षे करीत आलो आहे, आणि त्यात पुनःपुन्हा दिसलेल्या चुका येथे मांडतो. पोर्तुगीज पासपोर्टच्या वाटेने युरोपात जाणाऱ्यांचा विषय वेगळा असल्याने त्याला हात घालत नाही.

नाव आणि दुसरी सही

पहिला घोळ नावाचा असतो. आजोबांच्या नोंदीत पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी इंग्रजी वळणाने लिहिलेले, आणि पासपोर्टवर तिसरेच काहीतरी, असे गोव्यातील घराघरांत आहे. शिरोडकर या आडनावातला 'श' एका कागदावर 'एक्स'ने सुरू होतो, तर दुसऱ्यावर 'एस'ने. येथील कार्यालयात ते चालून जाते, कारण समोरचा कारकून आपलाच असतो आणि त्याला दोन्ही स्पेलिंगे ठाऊक असतात. परंतु पदवीचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला ही दोन वेगळी माणसे वाटतात. जन्मनोंदीतील दुरुस्ती किंवा १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखालील प्रक्रिया वेळ घेते, म्हणून ती आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेण्याआधी उरकावी. परीक्षेचा निकाल पासपोर्टवरील नावानेच येतो.

लग्नाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही होते, सुमारे पंधरवड्यानंतर दुसरी सही व्हावयाची असते, आणि कायद्याने लग्न पुरे होते ते त्या दुसऱ्या सहीने. मध्यंतरी देवळात किंवा हॉलमध्ये थाटामाटात लग्न लागते, पाहुणे जेवून जातात, आणि दुसरी सही राहून जाते. माझ्यासमोर आलेल्या एका फाइलमध्ये लग्नाची पत्रिका होती, मंगलाष्टकांच्या वेळचे छायाचित्र होते, पहिल्या सहीची पावतीसुद्धा जपून ठेवलेली होती. विवाहाचा दाखला तेवढा नव्हता. जोडीदाराचा समावेश अर्जात करावयाचा असेल, तर सर्वात आधी हा दाखला हातात आहे की नाही ते पाहावे.

हॉटेलचे दोन ओळींचे पत्र

"सदर व्यक्तीने आमच्याकडे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले. वर्तणूक समाधानकारक." आपल्याकडील अनुभवपत्र एवढ्यावर संपते. एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे कॅनडात कायम रहिवासासाठी गुणांवर निवड करणारी पद्धत, तिच्या अर्जाला असे पत्र पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर पद, कामावर असल्याच्या तारखा, प्रत्यक्ष कोणती कामे केली त्यांचा तपशील, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व इतर लाभ, आणि अधिकाऱ्याची नावानिशी सही एवढे सगळे त्यात असावे लागते. कळंगुट-बागा पट्ट्यात हंगामी काम केलेल्यांची खरी पंचाईत येथे होते, कारण चार वर्षांनी पत्र मागायला जावे तर हॉटेलचा चालक बदललेला असतो आणि जुना मॅनेजर दुबईला गेलेला असतो. म्हणून नोकरी सोडतानाच, शेवटचा हिशेब घेताना, हे पत्र मागून घ्यावे. पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि फॉर्म १६ सोबत जोडले तर पत्राला आधार मिळतो. कामाचा तपशील कॅनडाच्या सरकारी संकेतस्थळावरून जसाच्या तसा उतरवून देणारे एजंट आहेत. तसे पत्र संशयाचे कारण ठरते.

पैशांच्या पुराव्याचेही असेच आहे. बँकेच्या पत्रात मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लक द्यावी लागते, त्यामुळे काकांनी आठ दिवसांसाठी खात्यात टाकलेली रक्कम लगेच उघडी पडते, आणि उसने आणलेले पैसे तर मुळात धरलेच जात नाहीत.

मूल्यांकन म्हणजे परवाना नव्हे

वेर्णा किंवा कुंडई येथील औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केलेल्या बी. फार्म. मुलांची समजूत अशी असते की डब्ल्यूईएस या पदवीचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा अहवाल हाती आला म्हणजे तेथे फार्मासिस्ट होता येते. तो अहवाल केवळ शिक्षणाची तुलना सांगतो. फार्मासिस्ट म्हणून अर्ज करावयाचा असेल तर मूल्यांकनच फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा या संस्थेकडून करून घ्यावे लागते, आणि प्रत्यक्ष व्यवसायाचा परवाना त्या त्या प्रांताची नियामक संस्था देते. परिचारिकांचेही परवाने प्रांताप्रांतानेच मिळतात. कोणत्या प्रांतात जायचे हे न ठरवता निघणे या व्यवसायांतील लोकांना महागात पडते.

फुकटच्या मदतीसाठी पैसे मोजणे, आणि भलत्याची मदत गृहीत धरणे

कॅनडाचे केंद्र सरकार नव्याने आलेल्या कायम रहिवाशांसाठी स्थानिक संस्थांमार्फत भाषेचे मूल्यमापन, इंग्रजीचे वर्ग, रेझ्युमे लिहिण्यास साहाय्य, नोकरीविषयक मार्गदर्शन आणि मुलांच्या शाळाप्रवेशाची मदत विनामूल्य पुरवते. आपल्या भागातील संस्था कोणती, हे २११ या दूरध्वनी क्रमांकावर विचारता येते. तरीही 'सेटलमेंट पॅकेज' या नावाने हीच मदत विकणाऱ्यांना पैसे देऊन आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. सिन, म्हणजे तेथे नोकरीसाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक, काढून देण्याचेही पैसे त्यात धरलेले असतात. सर्व्हिस कॅनडा हे सरकारी कार्यालय तो फुकट देते.

याची उलट चूक विद्यार्थी करतात. केंद्राच्या खर्चाने चालणाऱ्या या सेवा मुख्यतः कायम रहिवासी व संरक्षित व्यक्ती (आश्रय मिळालेले निर्वासित) यांच्यासाठी आहेत. शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्याला तेथून बहुधा परत पाठवतात. त्याने आपल्या कॉलेजच्या करिअर केंद्राकडे जावे. ब्रिटिश कोलंबियासारखे काही प्रांत स्वतःच्या पैशांतून तात्पुरत्या रहिवाशांनाही मदत देतात, हेही विचारून पाहावे.

एजंटाविषयी एकच कसोटी सांगतो. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातील प्रांतिक लॉ सोसायटीचे सदस्य असलेले वकील व पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेचे परवानाधारक यांनाच आहे, आणि परवानाधारकांची नोंदवही कोणालाही ऑनलाइन पाहता येते. एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार घेण्यासाठी मालकाला लागणारी सरकारी मंजुरी, 'मिळवून देतो' म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यापासून तर दूरच राहावे. ते शुल्क मालकाने भरावयाचे असते, कामगाराकडून वसूल करता येत नाही. शिवाय २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीमध्ये नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे जादा गुणच बंद झाले आहेत. हे ठाऊक असूनही जुन्याच गुणांच्या आशेवर सौदे होत आहेत.

बायोडेटा

फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटी "वरील माहिती सत्य आहे" असे लिहून सही, हा आपला बायोडेटा तेथे पाठवू नये. दोन पानांत कामाचे अनुभव व त्यांतून काय साध्य केले ते लिहावे, बाकी सर्व गाळावे. ओंटारियोत १ जानेवारी २०२६ पासून, जाहीर केलेल्या जागांच्या जाहिरातीत कॅनडातील अनुभवाची अट घालण्यास पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना मनाई आहे. त्यामुळे गोव्यातील अनुभव लपवण्याचे कारण नाही.

मागे राहिलेली मालमत्ता

हा भाग गोमंतकीयांपुरता आहे, आणि तो बहुतेक जण विसरतात. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामायिक असते, आणि घर किंवा जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतात. वडील वारल्यावर वारसांची इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी व वाटणी करण्याची कोर्टातील प्रक्रिया) काढायची झाली तर सर्व वारसांना, आणि सामायिक मालमत्तेच्या नात्याने त्यांच्या जोडीदारांनाही, त्यात यावे लागते. म्हणजे कॅल्गरीत बसलेल्या धाकट्या सुनेच्या सहीवाचून सत्तरी तालुक्यातील बागायतीचा व्यवहार अडू शकतो. निघण्यापूर्वी पती-पत्नी दोघांनीही विश्वासातील माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे. राहून गेलेच तर, ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडा अपॉस्टिल करारात (एका देशाचे प्रमाणित कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आल्याने तेथे नोटरी करून अपॉस्टिल केलेले मुखत्यारपत्र पाठवता येते. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे, आणि ज्या कार्यालयात ते वापरायचे तेथे आधी विचारून घ्यावे.

अनिवासी झाल्यावर येथील बचत खाते जसेच्या तसे चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते.

निघताना हाताशी

ओंटारियोत गाडी चालवण्याचा जुना अनुभव धरला जातो, परंतु बारा महिन्यांहून अधिक अनुभवासाठी परवाना देणाऱ्या कार्यालयाचे पत्र लागते, आणि ते येथील आरटीओकडून घेणे तिकडून मागवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. त्याच प्रांतात भाड्याने घर घेताना मालक फार तर एका महिन्याचे भाडे अनामत म्हणून घेऊ शकतो. सहा महिन्यांचे आगाऊ मागितले तर ती मागणी कायद्यात बसत नाही.

दागिन्यांची यादी मात्र विमानात बसण्याआधी लिहावी. पहिल्यांदा उतरताना जे सोबत आहे आणि जे मागाहून आणायचे आहे, त्या दोन्हींची यादी सीमाशुल्क अधिकाऱ्याला दिली, तर नंतर आणलेल्या जुन्या वस्तूंवर कर लागत नाही. यादीत "सोन्याचे दागिने" एवढेच लिहिणे पुरत नाही. मंगळसूत्र, पाटल्या, आईने दिलेला हार, प्रत्येकाचे वजन, सोनाराचे मूल्यांकन आणि छायाचित्र जोडावे.