उन्हाळ कांद्यावरच्या थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) घरचा निंबोळी अर्क

आमच्या निफाड भागात बरेच जण म्हणतात, निंबोळी अर्काचा काही उपयोग होत नाही. माझ्या मते बहुतेक वेळा घोटाळा निंबोळीतच असतो.

अर्काची तयारी सुरू होते आषाढात. पिवळी होऊन पडलेली निंबोळी रोजच्या रोज वेचायची, ओल्या मातीत राहिली की बुरशी धरते. गर पाण्यात चोळून काढायचा, बी सावलीत वाळवायचं आणि गोणपाटात भरायचं. प्लास्टिकमध्ये ते घामेजतं. फोडून बघा: मगज हिरवट असेल तर उत्तम, काळपट निघाला तर सरळ फेकून द्या. माघात कांद्याची पात उभी राहते तेव्हा हे बी सहा-सात महिन्यांचं झालेलं असतं. मागच्या सालचं मी घेत नाही.

१५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम मगज लागतो, म्हणजे ५ टक्के अर्क. तो खलबत्त्यात भरडा, फडक्यात सैल बांधा आणि दोन लिटर पाण्यात रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पुरचुंडी पिळायला घ्या, दुधासारखं पाणी यायचं थांबेपर्यंत. दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतो. मग पाणी घालून १५ लिटर करा. ३० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून अगदी शेवटी घाला. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, साबणाशिवाय थेंब घरंगळून जातात. पण क्षारात अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर चालणारं द्रव्य, टिकत नाही, म्हणून साबण आधी घालायचा नाही.

उन्हातही ते लवकर नासतं, त्यामुळे फवारणी ऊन उतरल्यावरच. नोझल पातीच्या बेचक्यात धरा, थ्रिप्सची पिल्लं तिथंच दडतात. बियाण्याचे डोंगळे (कांद्याचे फुलदांडे) फुलात असतील तर मधमाश्या परतल्याशिवाय पंप उचलू नका. कांद्याचं बी त्यांच्याच जिवावर भरतं.

सकाळी मेलेले थ्रिप्स शोधू नका. अर्काने त्यांचं खाणं थांबतं, पिल्लांना कात टाकता येत नाही. आठवड्याने नवी पात बघा, तिच्यावर चंदेरी चट्टे कमी दिसले पाहिजेत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा. पात आधीच मुरडली असेल तर मात्र नुसत्या अर्कावर विसंबू नका, सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) प्लॉट दाखवा.

उरलेला अर्क ठेवायचा नाही. चोथा वाफ्यातल्या मातीत मिसळा.