गाडी स्लो पकडत नाही, रेस सोडली की बंद? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे पाहा

रेल्वे फाटक लागलेलं, मागं दोन ट्रॅक्टर, पुढं कापसाची मेटाडोर, तुम्ही रेस सोडली अन् गाडी धुकधुक करून बंद. किक मारली की चालू, रेस धरून ठेवली तं ठीक, सोडली की परत बंद. पळताना मात्र काहीच तक्रार नाही, ऐंशीनं जाते. असं ज्याच्या गाडीचं होऊन राहिलं त्याच्यासाठी हे लिहून राहिलो, कारण यातलं बरंचसं घरी आंगणात बसून सापडते.

पहिले एक काम करू नका, स्लो स्क्रू (रेस सोडल्यावर इंजिन किती फिरत राहावं ते ठरवणारा) पिळून रेस वाढवून ठेवू नका. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची स्लो साधारण 1400 आरपीएमच्या आसपास असते, ती दोन हजारावर नेऊन ठेवली तं बंद पडणं थांबते खरं, पण रोग तसाच राहते, वरून पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज, पेट्रोल जास्त, अन् उतारावर गाडी रेस सोडली तरी ओढत जाते. मी स्वतः हेच केलं होतं, पुढं सांगतो.

अजून एक, तुमची गाडी आयथ्रीएसवाली तं नाही ना? हिरोनं 2014 मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये ही सिस्टिम आणली, न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की गाडी आपोआप बंद होते अन् क्लच दाबला की चालू होते. सेकंडहँड गाडी घेतलेले लोक याच्यासाठी प्लग बदलून बसतात. हँडलवरचं बटण बंद करून पाहा, बंद पडायचं थांबलं तं पुढचं वाचायची गरज नाही.

आता पाना घ्यायच्या आधी दोन-तीन दिवस गाडी नेमकी कधी बंद पडते ते पाहा. सकाळी थंडी असताना चोकवर चालते अन् चोक सोडला की मरते, तं तिला स्लोवर पेट्रोल कमी भेटून राहिलं किंवा कुठून तरी फालतूची हवा शिरून राहिली. सकाळी चांगली, पण दहा-बारा किलोमीटर जाऊन तापली की बंद, तं टापेट (व्हॉल्व्ह अन् त्याला दाबणाऱ्या दांडीतला गॅप) टाइट असू शकते, चोक अर्धवट अडकलेला असू शकतो, नाही तं प्लगला करंट देणारी कॉइल तापून दगा देऊन राहिली. फक्त गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहिलं की बंद अन् न्यूट्रलमध्ये ठणठणीत, तं इंजिन सोडा, क्लच पूर्ण सुटत नाही, केबल पाहा. पाऊस झाला किंवा गाडी धुतली की बंद, तं प्लगच्या टोपीत पाणी. अन् चालता चालता घुसमटून बंद पडली, टाकीचं झाकण उघडलं तं सूं आवाज आला अन् मंग लगेच चालू झाली, तं झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. पांदणीची धूळ त्यात बसते अन् वरून पाणी पडलं की तिचा लेप होते. कोठ्यात गाडी उभी राहत असंल तं कार्बोरेटरच्या बारक्या रबरी नळ्याही पाहा, कुंभारीण माशी त्यात माती भरून घर करते, हसू नका.

एवढं कळलं की अर्धं काम झालं. मिस्त्रीकडं गेले तरी "बंद पडते" एवढंच सांगू नका, कधी पडते ते सांगा.

आता सोपं ते आधी. एअर फिल्टर. आपल्याकडं सोयाबीन काढायच्या दिवसात थ्रेशरजवळ एक दिवस गाडी उभी ठेवली तरी फिल्टरचं काय होते ते काढून पाहा. फोमचा असंल तं साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, थोडं तेल लावून पिळून बसवा. कागदाचा तेलकट असते तो धुवायचा नाही, हवा मारायची नाही, सरळ बदलायचा. मॅन्युअलमधले किलोमीटर डांबरी रस्त्यासाठी असतात, आपल्या काळ्या मातीत त्याच्या आधीच पाहा.

मंग प्लग. गाडी थंडी झाली की काढा. टोकाचा रंग चहासारखा बिस्किटी असंल तं चांगलं, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढरा फटक म्हणजे हवा जास्त, अन् काळा तेलकट ओला म्हणजे इंजिनचं तेल वर येऊन राहिलं, तो खर्चाचा विषय आहे. गॅप गाडीगणिक वेगळा, 0.6 ते 0.9 मिमीच्या मधात कुठं तरी, बुकात लिहिलेला असते. ठिणगी पाहायची तं प्लग टोपीत लावून त्याचा धातू इंजिनला टेकवा, प्लगच्या उघड्या भोकापासून दूर, अन् किक मारा. निळी कडक पाहिजे, पिवळी मरतुकडी नको.

हे ठीक असंल तं माझी चूक ऐका. दोन वर्षाआधी माझ्या जुन्या गाडीला हाच त्रास होता. तालुक्याच्या एका मिस्त्रीनं कार्बोरेटर गेला म्हणून सांगितलं, नवीन बसवला, रेस वाढवून दिली, मी खुशीत घरी. आठ-दहा दिवसांनी परत तेच, मी अजून थोडा स्क्रू पिळला, परत तेच. एका रविवारी गाडी चालू ठेवून मी लोट्यानं कार्बोरेटरवरची चिखल-माती धुवून राहिलो होतो, अन् कार्बोरेटर अन् इंजिनच्या मधातल्या रबरावर पाणी पडलं तसा इंजिनचा आवाजच बदलला. दुसरा लोटा, परत बदलला. गाडी बंद केली, थंडी होऊ दिली, रबर बोटानं वाकवलं, तं खालच्या बाजूनं नखाएवढी चीर. सरळ असताना मिटलेली, काहीच दिसत नाही, वाकवलं की तोंड उघडते. पंचेचाळीस डिग्रीत वर्षानुवर्षं उभी राहणारी गाडी, रबर कडक होऊन फाटणारच ना.

पळताना काहून त्रास नव्हता? कारण रेस बंद असते तेव्हा इंजिन मेनिफोल्डमधून, म्हणजे कार्बोरेटर ते इंजिनच्या मधातल्या याच पाइपातून, सगळ्यात जोरात ओढते, अन् त्या वेळी आत जाणारं पेट्रोल एकदम थोडं, त्यात चिरेतून आलेली फालतूची हवा मिसळली की मिश्रण पातळ. रेस दिली की आत एवढी हवा जाते की चिरेचं काही वाटत नाही. रेस सोडल्यावर गाडी लगेच खाली न येता वरच लटकून राहते अन् मंग धपकन मरते, तं समजा हेच आहे. पाहायचं तं बाटलीच्या स्प्रेनं साबणाचं पाणी त्या जोडावर मारा अन् आवाज ऐका. पेट्रोल टाकून पाहायचं काही लोक सांगतात, गरम इंजिनवर ते करू नका. फवारणीचा पंपही नको, औषधाचा अंश राहते. काही गाड्यांना रबर नसते, धातूचा पाइप अन् मधात ओ-रिंग, तिथं ती चपटी होते.

रबर शाबूत निघालं तंच कार्बोरेटर. आधी खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या, तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तं पाणी आहे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते, अन् जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनाभर उभी असंल तं हे नक्की पाहा. बाटलीतलं सुटं पेट्रोल घेतलं असंल तं काय मिसळलं देव जाणे.

मंग वाटी खोला. आत दोन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे) असतात, मोठा मेन अन् बारका पायलट. स्लोवर गाडी जगते ती या बारक्यावर. तो काढून उन्हात आरपार पाहा, मधातलं भोक गोल स्वच्छ दिसलं पाहिजे, सुईच्या टोकाएवढंच असते. बुजलं असंल तं कार्बोरेटर क्लीनर अन् हवा, नाही निघालं तं मऊ वायरीतली तांब्याची एकच तार. टाचणी, स्टीलची तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. हे काम उघड्यावर करा, अन् बिडीवाल्या काकाला थोडं दूर बसवा.

एअर स्क्रूला (कार्बोरेटरवरचा, स्लोचं हवा-पेट्रोल मिश्रण ठरवणारा) हात लावण्याआधी तो हळूच आत बसेपर्यंत किती आटे जाते ते मोजा अन् कागदावर लिहा, दाबून पिळलं तं टोक खराब होते. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असंल तं तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनच्या बाजूला असंल तं पेट्रोलचा, बाहेर काढला की जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. या एका गोष्टीवरून लोक तासन् तास उलटं फिरवत बसतात. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, स्क्रू हळूहळू फिरवून रेस सगळ्यात जास्त होते ती जागा पकडा, मंग स्लो स्क्रूनं रेस खाली आणा.

तापल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीचं टापेट थंड्या इंजिनवर फिलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) चेक करून घ्या. टापेट वाजत नाही म्हणजे चांगलं असा आपल्याकडं समज आहे, तो चूक. एकदम मुका असंल तं गॅप संपलेला असू शकतो, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही अन् स्लोला दम सुटते.

1 एप्रिल 2020 नंतरची बीएस सिक्स गाडी असंल तं बहुतेक इंजेक्शनवाली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल सोडते, तिथं जेट नाही, पिळायला स्क्रू नाही. चावी लावल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद घुंss आवाज येते का, इंजिनचा पिवळा दिवा गाडी चालू झाल्यावरही जळत राहते का, बॅटरी उतरली आहे का, एवढं घरी पाहा. दिवा जळत असंल तं स्कॅनर असलेल्याकडंच जा, अन् थ्रॉटल बॉडीत (इंजिनला हवा जायचा झडपेचा भाग) कार्बन बसला का ते विचारा. तिथला रंग लावून सील केलेला स्क्रू कोणालाच फिरवू देऊ नका.

माझं ते रबर दीडशेच्या आत भेटलं. जुना कार्बोरेटर अजून कोठ्यातल्या खुंटीला टांगलेला आहे, चांगला चालू.