फ्लॅट भाड्याने देताय? कोर्टाची पायरी चढायला लावणाऱ्या या चुका टाळा

पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या पुणेकराला भाडेकरूची धास्ती जन्मजात असते. नाममात्र भाड्यात तीन पिढ्या राहिलेली बिऱ्हाडं आणि मालकाच्या हयातीत न संपलेले दावे त्याने जवळून पाहिलेले असतात. गंमत म्हणजे हाच माणूस वाकडला किंवा खराडीला गुंतवणुकीसाठी फ्लॅट घेतो आणि भाड्याने देताना म्हणतो, ‘कागद कशाला? लेखी दिलं की हक्क सांगतात.’ खरं तर कागद नसला की भाडेकरूचं पारडं जड होतं.

सगळ्यात महागात पडते ती पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर केलेली नोटरी. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे एजंटांचं पेटंट वाक्य महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स (ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षेपेक्षा याच कलमातली दुसरी तरतूद जास्त बोचते: भाडं किती, अटी काय, यावर वाद झाला तर भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, ते खोटं पाडायचं काम मालकाचं.

नोंदणी टाळून वाचतात किती? वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या कराराचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने सहाशे रुपयांच्या आत येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. करार मार्चमध्ये संपला, भाडेकरू मुलं चांगली होती, भाडं एक तारखेला यायचं. नवा करार ‘करू की पुढच्या आठवड्यात’ म्हणत दिवाळी आली. मग भाचीला फ्लॅट हवा झाला आणि मुलं म्हणाली, ‘काका, तुम्हीच तर भाडं घेताय.’ मला उत्तर सुचेना. सुदैवाने ती समजुतीने गेली. मुदत संपली की जागा सोडायला सांगणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, नाहीतर नवा करार करा. अधलंमधलं काही नको.

कारण मुदतीचा कागद हाती असेल तर कायदा मालकाच्या बाजूने भक्कम आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेचा ताबा याच कायद्याच्या कलम २४ खाली, अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे मागता येतो. लेखी करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानतात. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने बचावाची परवानगी मागितली नाही तर त्याचं म्हणणं ऐकलंच जात नाही. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे भाड्याच्या दुप्पट पैसे नुकसानभरपाई म्हणून द्यावे लागतात. दुकान किंवा ऑफिस दिलं असेल तर मात्र ही वाट बंद. सरळ कोर्टात जावं लागतं.

आणि आता रागाबद्दल. दोन महिने भाडं थकलं की चांगले शिकलेले लोकही नळ बंद करतात, लाइट तोडतात, कुलूप बदलतात. असं केलं की तुमची उत्तम केस तुमच्याच विरुद्धची केस होते. पाणी-वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडायला कलम २९ ने मनाई आहे. भाडेकरू कोर्टातून त्या पुन्हा चालू करून घेऊ शकतो. सामान बाहेर काढलंत तर पोलीस ठाण्यात उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत. सोसायटीच्या वॉचमनला ‘त्याला आत सोडू नकोस’ सांगणं हेही त्यातलंच.

उलट ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही भीती सोडून द्या. परवानगीने राहणाऱ्याला तो हक्क असा मिळत नाही.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर असेल तर सही त्यांची किंवा कुलमुखत्यारपत्र हवं, मुलाची नुसती सही पुरत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवून पावती ठेवा. भाडं बँकेतूनच घ्या.

डिपॉझिटवरून मात्र सर्वात जास्त भांडणं होतात. रंग, गीझर, किचनच्या ट्रॉलीज, पंखे यांची यादी करारालाच जोडा आणि किल्ली देण्याच्या दिवशी दोघांच्या समोर मोबाइलवर व्हिडिओ काढा. घर सोडताना तोच व्हिडिओ लावून खोलीखोलीतून फिरा, कापायचे पैसे तिथेच लिहून दोघांच्या सह्या घ्या, उरलेली रक्कम त्याच दिवशी खात्यावर टाका. किल्लीच्या दोन्ही प्रती मोजून घ्या. माझ्याकडे एकदा एकच परत आली होती; लॅच बदलायचे पैसे मलाच भरावे लागले.