स्पेक्ट्रमच्या कॅसेटवरच्या जुन्या फाइली कशा काढायच्या

माळ्यावर झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे 1980 च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, सापडला की प्रत्येकाचा हात आधी प्लगकडे जातो. जाऊ देऊ नका. त्याला 9 व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा आतला भाग ऋण असतो. हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांत तो धन असतो. घरातला कुठलाही अ‍ॅडॅप्टर खुपसून पाहिलात तर मशिनची वाट लागेल. शिवाय तुमचं काम मशिनमध्ये नाहीच. वीज गेली की त्याची मेमरी कोरी व्हायची, त्यामुळे जे उरलंय ते कॅसेटवर. मशिन 1982 चं मूळ ब्रिटिश असो की 1988 मध्ये डेसिबेल्सने परवान्यावर भारतात आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, कॅसेटवर साठवण्याची पद्धत एकच.

कॅसेट

मागच्या कडेच्या दोन्ही खिट्ट्या तोडा, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा. हेडला, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. फितीमागची फेल्टची गादी गळाली असेल तर टाकाऊ कॅसेटमधली काढून बसवा. एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळून घ्या.

हेडचा कोन

या एका टप्प्याने माझ्या कित्येक रात्री खाल्ल्यात, आणि सल्ला देणारे नेमके इथेच घसरतात. फाइल उघडत नाही म्हटलं की आवाज वाढवा, नॉइज रिडक्शन लावा, दुसरं सॉफ्टवेअर बघा. कोन चुकलेला असताना यातलं काहीही कामाला येत नाही.

तुमची कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली, त्याचं हेड केसभर तिरकं असणार. आता ज्यावर वाजवताय त्या कॅसेट डेकचं हेड तसं तिरकं नाही. गाण्यात एवढ्या फरकाने आवाज थोडा दबका येतो, बाकी काही बिघडत नाही. इथे बिघडतं. स्पेक्ट्रम शून्य लिहितो ते साधारण 2000 हर्ट्झच्या लाटेने, आणि एक लिहितो तो तिच्या निम्म्या वेगाच्या लाटेने. कोन चुकला की आधी उंच सूर मरतात, म्हणजे शून्यं पुसट होतात आणि एकं ठणठणीत राहतात. मग सॉफ्टवेअरला लाटा मोजता येत नाहीत.

प्ले दाबल्यावर हेड पुढे येतं. त्याच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो आपला, दुसऱ्याला हात लावायचा नाही. बऱ्याच डेकमध्ये आपल्या स्क्रूपर्यंत पोचायला बारीक भोक ठेवलेलं असतं. नसेल तर डेकच्या कॅसेटच्या कप्प्याचं झाकण काढा. स्क्रूवर रंगाचा ठिपका असतो, तो खरवडण्याआधी मार्करने मूळ जागेची खूण करा. स्क्रूड्रायव्हरला टाचणी चिकटत असेल तर तो चालणार नाही, चुंबक हेडजवळ नको. मोबाइल दुरुस्तीच्या संचातले बहुतेक चिकटतात. आणि ज्या डेकवर किशोरीताई ऐकता, तो डेक या कामाला घेऊ नका.

फाइलच्या सुरुवातीला एक लांब एकसुरी आवाज येतो, हेडरच्या (फाइलची ओळख सांगणाऱ्या छोट्या भागाच्या) आधी सुमारे 5 सेकंद. बहुतेक जण त्यावरच कोन जुळवतात. तो सूर जेमतेम 800 हर्ट्झचा, कोन कसाही असला तरी बरा ऐकू येतो आणि तुम्हाला फसवतो. त्याच्यानंतरचा खरखराट लावून ठेवा आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. आवाज मऊ असेल तर अजून चुकलंय. कानात टोचायला लागला, घरचे दार लावून घेऊ लागले, की जवळ आलात. पाव फेऱ्याहून जास्त फिरवावं लागत असेल तर बहुधा चुकीचा स्क्रू धरलाय.

कानाने जुळलं की डोळ्यांनी तपासा. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दहाएक सेकंद स्टिरिओ रेकॉर्ड करा आणि लाटा सुट्या दिसेपर्यंत मोठं करा. वरच्या आणि खालच्या चॅनेलची शिखरं बरोबर एकाखाली एक यायला हवीत. क्रम मात्र हाच ठेवा. नुसत्या डोळ्यांनी जुळवायला गेलात तर अख्खी एक लाट चुकूनही शिखरं जुळल्यासारखी दिसतात.

जमलं म्हणून दोन्ही चॅनेल मिसळून मोनो करू नका. जो स्वच्छ आहे तो ठेवा, दुसरा उडवा. आणि हे सगळं प्रत्येक कॅसेटला नव्याने करायचं. मधला एखादा प्रोग्रॅम मित्राकडच्या टेपवर भरलेला असला तर त्याच कॅसेटवर कोन दोनदा बदलावा लागतो.

रेकॉर्डिंग

डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये, 44,100 हर्ट्झ, 16 बिट, डब्ल्यूएव्ही (आवाजाची न दाबलेली फाइल). डेकवरचं डॉल्बी नॉइज रिडक्शन बंद, कॉम्प्युटरमधल्या आवाज 'सुधारणाऱ्या' सोयी बंद. एमपी3 नाही, टेपसमोर मोबाइल धरणं तर नाहीच. प्रत्येक बाजू दोनदा भरून घ्या.

फाइल करणं

फ्यूज या एम्युलेटरच्या (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सोबतच्या साधनांत 'ऑडिओ2टेप' आहे. त्याला डब्ल्यूएव्ही दिली की टॅप फाइल मिळते. टॅप म्हणजे नुसते एकामागे एक ठेवलेले ब्लॉक, त्यामुळे हेडर पहिल्या रेकॉर्डिंगमधला आणि डेटा दुसऱ्यातला असं जोडून चालतं. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही तरी ब्लॉक फेकू नका. एखादा बिट उलटा वाचला गेला असेल तर मजकुरात एक अक्षर बिघडतं. बिट गळला असेल तर पुढचं सगळं सरकतं, तेव्हा मात्र परत स्क्रू.

वाचणं

बेसिक या स्पेक्ट्रमच्या भाषेतला प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडून 'खराब झालाय' म्हणू नका. त्यात प्रिंट, गोटू असे शब्द एकेका बाइटमध्ये असतात आणि प्रत्येक आकड्यामागे त्याचीच 5 बाइटची छुपी प्रत असते. फ्यूजच्या साधनांतलं 'लिस्टबेसिक' ते सरळ करून देतं. टासवर्ड टू या स्पेक्ट्रमवरच्या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमधली पत्रं उघडली की एकच अखंड ओळ दिसेल. दर 64 अक्षरांनी तोडा. जिथे उलटं अवतरणचिन्ह दिसेल तिथे मुळात पौंडाचं चिन्ह होतं.

डब्ल्यूएव्ही फाइली मोठ्या असतात म्हणून पुसू नका. तुटलेले ब्लॉक पुन्हा सोडवायचे झाले तर त्याच लागतील.